उमेदवारीची वर्षे

‘उमेदवार’ हा शब्द हल्ली निवडणुकीच्या भिंतपत्रकांवरच अधिक भेटतो. आमच्या आजोबांच्या पिढीत मात्र त्याचा नित्याचा अर्थ निराळा होता. कचेरीत, छापखान्यात अथवा सुताराच्या कारखान्यात, पुढे कायमची जागा मिळेल या आशेवर जो मुलगा आज अल्प वेतनावर किंवा बिनवेतनी राबे, तो उमेदवार. आणि त्याचा तो शिकण्याचा काळ म्हणजे त्याची उमेदवारी. या शब्दाच्या पोटात ‘उमेद’ आहे. पदरात अजून काही पडलेले नाही, परंतु मन हिरमुसलेले नाही, अशी ती अवस्था होय.

खेळाडूंच्या बाबतीत आम्हां सर्वांची एक रीत झाली आहे. खेळाडू थोर झाला म्हणजे आम्ही त्याच्या धावा मोजतो, बळी मोजतो, त्याचे नाव मैदानाला अथवा करंडकाला देतो. परंतु तो थोर होण्यापूर्वी जी चारपाच वर्षे गेली, ज्या वर्षांत तो कोण होणार हे त्यालाही ठाऊक नव्हते, त्यांची चौकशी कोणी करीत नाही. वास्तविक विद्यार्थ्यांस उपयोगी पडतील अशी वर्षे तीच. आज इंदुरातील कितीतरी घरांत एकीकडे दहावीची पुस्तके आणि दुसरीकडे खेळाची पिशवी अशी ओढाताण चाललेली असते. वडील विचारतात, “खेळून पोट भरेल काय?” मुलाजवळ उत्तर नसते, कारण ते कोणाजवळच नसते. अशा घरांसाठी म्हणून आम्ही काही जणांच्या उमेदवारीची हकीकत येथे मांडीत आहोत.

प्रारंभ आपल्या इंदूरपासूनच करू. 1923 साली तुकोजीराव होळकरांच्या निमंत्रणावरून नागपूरचे सी. के. नायडू इंदुरास आले आणि येथलेच झाले. पुढे 1932 साली हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व त्यांनी केले. उंच बांधा, करडी शिस्त आणि चेंडू मैदानाबाहेर भिरकावून देणारे मनगट यांमुळे त्यांचा दरारा मोठा होता. परंतु इंदूरवर त्यांचे जे उपकार आहेत, त्यांत त्यांच्या षटकारांहून त्यांची नजर अधिक मोलाची ठरली. विसाव्या शतकाचे तिसरे दशक संपत आले असता गावात खेळणारा एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्याचे नाव सय्यद मुश्ताक अली. 17 डिसेंबर 1914 रोजी याच शहरात तो जन्मला होता. नायडूंनी त्याला हाताशी धरले आणि त्याच्या शिक्षणाची व खेळाची सोय व्हावी म्हणून हैदराबादेस नेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आज मुश्ताक अली म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे पुढे सरसावून चेंडू टोलवणारा सलामीचा फलंदाज उभा राहतो. परंतु नायडूंनी जो मुलगा निवडला, तो मुख्यतः डाव्या हाताने संथ गोलंदाजी करणारा होता. फलंदाजी तो उजव्या हाताने करी. पण तीसाठी त्याची कीर्ती नव्हती. 1934 च्या जानेवारीत कलकत्त्याच्या ईडन गार्डन मैदानावर जार्डीनच्या इंग्लिश संघाविरुद्ध त्याला पहिल्यांदा कसोटी खेळावयास मिळाली, तीही गोलंदाज म्हणून. वय वर्षे एकोणीस. कसोटीतील त्याचा पहिला बळी खुद्द जार्डीनचा होता. या यशावर संतुष्ट राहून मुश्ताक त्याच वाटेने चालता, तर कदाचित एक सामान्य गोलंदाज म्हणून चार सामने खेळून तो विस्मृतीत गेला असता. अकरा कसोटी सामन्यांच्या कारकिर्दीत त्याने अवघे तीन बळी घेतले, यावरून हे उघड होते. त्याचे खरे स्थान दुसरीकडे होते, आणि ते सापडण्यास अजून दोन वर्षे लागावयाची होती.

ते सापडले 1936 च्या जुलैमध्ये, इंग्लंडातील मँचेस्टर शहरी, ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर. हा दौरा हिंदी क्रिकेटच्या इतिहासात फारसा सुखाचा मानला जात नाही. विजयानगरमचे महाराजकुमार कर्णधार होते. त्यांचा खेळ बेताचा, परंतु अधिकार मोठा. पहिल्या कसोटीपूर्वीच संघातील उत्तम खेळाडू लाला अमरनाथ यांना बेशिस्तीचा ठपका ठेवून मायदेशी परत पाठवण्यात आले. पुढे चौकशीत ते निर्दोष ठरले, परंतु ते पुढे. त्या वेळी संघातील प्रत्येक तरुण खेळाडूस एवढेच दिसले की कर्णधाराची मर्जी गेली तर बोट तयार आहे.

ओल्ड ट्रॅफर्डच्या पहिल्या डावात मुश्ताक अलींचे दैव फिरले. विजय मर्चंटांनी जोराने मारलेला चेंडू समोरच्या टोकाला उभ्या असलेल्या मुश्ताक अलींच्याच बॅटीवर आपटून क्षेत्ररक्षकाकडे गेला, त्याने यष्ट्या उडवल्या आणि मुश्ताक अली 13 धावांवर धावचीत झाले. आमचा डाव 203 धावांत आटोपला. इंग्लंडने 8 बाद 571 धावा करून डाव सोडला. म्हणजे 368 धावांची पिछाडी! सामना वाचेल असे कोणास वाटले असेल?

दुसऱ्या डावास निघण्यापूर्वीची एक गोष्ट क्रिकेटच्या जाणत्या लेखकांनी नोंदवून ठेवली आहे. मर्चंट हे कर्णधाराच्या मनात सलत होते. त्यांना धावचीत करवून टाक, असे कर्णधाराने मुश्ताक अलींना सांगितले, असे म्हणतात. मुश्ताक अलींचे वय तेव्हा एकवीस. अमरनाथांची बोट डोळ्यांपुढे होती. स्वतः नुकतेच धावचीत झालेले असल्याने दुसऱ्याचे तसे होणे अपघात म्हणून सहज खपून गेले असते. परंतु मुश्ताक अलींनी मैदानात जाताच ती गोष्ट मर्चंटांनाच सांगून टाकली आणि दोघेही हसले.

त्या हसण्यानंतर जे घडले ते साऱ्या जगाने पाहिले. दिवस संपला तेव्हा धावफलकावर बिनबाद 190 धावा होत्या. त्या एका दिवसात दोन्ही संघांनी मिळून 588 धावा केल्या. मुश्ताक अली नव्वदीत पोहोचले असता घाईने बाद होतील की काय अशी भीती वाटू लागली. तेव्हा प्रतिपक्षाच्या वॉली हॅमंडने, जरा सबुरीने घे, आधी शतक पुरे कर, अशा आशयाचा सल्ला त्यांना दिल्याचे सांगतात. शतक झाले, परदेशातील कसोटीत हिंदी फलंदाजाचे ते पहिलेच शतक होय. मुश्ताक अलींच्या 112 व मर्चंटांच्या 114 धावांनी सलामीची भागी 203 वर गेली आणि सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावात संपूर्ण संघाने केलेल्या धावा तेवढ्याच होत्या, हा योगायोग मोठा बोलका आहे.

विद्यार्थिमित्रहो, या प्रसंगी मुश्ताक अलींनी काय मिळवले याचा हिशेब करताना आम्ही शतक आधी मांडतो. परंतु शतकाआधी ते हसणे आहे. उमेदवारीच्या काळात वरिष्ठाची मर्जी हे फार मोठे भांडवल वाटते. सोबत्याला पाडून ती मर्जी राखता येते, असा क्षण प्रत्येकाच्या वाट्यास कधी ना कधी येतो. मग तो मैदानात येवो, वर्गात येवो की कचेरीत. त्या दिवशी मर्चंट धावचीत झाले असते तर ती भागी झाली नसती, सामना वाचला नसता, आणि बहुधा मुश्ताक अलींचे शतकही झाले नसते. सोबती टिकला म्हणून आपण टिकलो, हा हिशेब कोणत्याही शाळेत शिकवला जात नाही. परंतु सलामीच्या जोडीला तो उपजतच ठाऊक असावा लागतो.

ज्या मँचेस्टर शहरात आमच्या इंदूरच्या मुलास त्याची जागा सापडली, त्याच शहरात काही वर्षे आधी एका स्कॉटिश मुलाची उमेदवारी अशीच चालली होती. त्याचा खेळ फुटबॉल. त्याचे नाव मॅट बस्बी. स्कॉटलंडातील लॅनार्कशायर प्रांतात बेल्सहिलनजीकच्या एका खाणकामगारांच्या वस्तीत 1909 साली तो जन्मला. वडील पहिल्या महायुद्धात पडले. शाळा सुटल्यावर मुलगा कोळशाच्या खाणीत उतरला. घरच्यांचा बेत अमेरिकेस जाऊन राहण्याचा होता. इतक्यात 1928 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मँचेस्टर सिटी या संघाने त्याला पगारावर घेतले आणि अमेरिका राहून गेली.

परंतु पुढची दोन वर्षे फार कठीण गेली. त्याला आघाडीच्या फळीत खेळवीत. तेथे त्याचा खेळ जमेना. घरची आठवण येई, आणि हे सोडून परत जावे असे त्याच्या मनात येऊन गेले. 1930 च्या सुमारास शेजारच्याच मँचेस्टर युनायटेड संघाने त्याच्याविषयी विचारणा केली. पण त्याच्यासाठी मागितलेले दीडशे पौंडही त्या संघापाशी नव्हते, असे सांगतात. इतकी त्या मुलाची किंमत! पुढे अडीनडीला म्हणून त्याला मधल्या फळीत उभे केले गेले, आणि तेथे जणू दुसराच खेळाडू प्रकट झाला. धावत सुटून गोल करणे हे त्याचे काम नव्हतेच. मागे राहून सारे मैदान डोळ्यांत साठवावे आणि ज्याला हवा त्याला नेमका चेंडू पोहोचवावा, हे त्याचे काम होते. 1933 साली तो स्कॉटलंडकडून खेळला. 1934 साली मँचेस्टर सिटीने इंग्लंडातील मानाचा एफ. ए. करंडक जिंकला तेव्हा तो त्या संघात होता.

याच बस्बींनी 1945 साली मँचेस्टर युनायटेडची सूत्रे हाती घेतली. ज्या संघास ते एकदा परवडले नव्हते, त्याच संघाला त्यांनी 1968 साली युरोपचा करंडक मिळवून दिला. त्यांची विशेष ख्याती मात्र कोवळ्या मुलांना हेरून, सांभाळून, धीराने वाढवण्याबद्दल होती. ‘बस्बीची पोरे’ असेच त्या संघाला लोक म्हणत. 1958 साली म्युनिकच्या विमान अपघातात त्यांतील अनेक गेले. स्वतः बस्बी मरणाच्या दारातून परत आले आणि त्यांनी पुन्हा नव्याने मुले जमवली. आपण स्वतः चुकीच्या जागी उभे राहून दोन वर्षे काढल्याची आठवण ज्याला असते, तो दुसऱ्याच्या मुलास एका अपयशावरून मोडीत काढीत नाही.

गोलंदाज म्हणून आलेला मुश्ताक आणि आघाडीचा म्हणून आलेला बस्बी या दोघांकडे पाहिले म्हणजे उमेदवारी कशासाठी असते ते उमजते. ती चमकण्यासाठी नसते. ती आपली जागा हुडकण्यासाठी असते. एका जागी अपयश आले याचा अर्थ मुलात काही नाही असा होत नाही. जागा चुकली असाही होऊ शकतो. आता हे ओळखणार कोण? मुलाला ते बहुधा कळत नाही. त्यासाठी वडीलधाऱ्याची नजर लागते आणि त्या नजरेस सवड लागते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे एकांगी होईल. कोणाची उमेदवारी लवकर फळते. इतकी लवकर की पुढचे सारे आयुष्य त्या फळाशी तोलले जाते. त्याचेही उदाहरण आमच्या इंदुरातच आहे. गोरखपूरचा नरेंद्र हिरवाणी नावाचा मुलगा कुमारवयात क्रिकेट शिकण्यासाठी येथे आला. घर दूर; राहावयास नेहरू स्टेडियममधील खोली. त्याच्यावर मायेची आणि शिस्तीची पाखर धरली ती संजय जगदाळे यांनी, ज्यांचे वडील माधवसिंह जगदाळे एके काळी होळकर संघातून खेळले होते. सोळाव्या वर्षी तो मध्य प्रदेशाकडून रणजी सामन्यात उतरला. 1988 च्या जानेवारीत मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. समोर व्हिव रिचर्ड्सचा संघ. हिरवाणींच्या फिरकीने पहिल्या डावात 61 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 75 धावांत 8 बळी घेतले. यष्टिरक्षक किरण मोरे यांनी एकट्या दुसऱ्या डावात पाच जणांना यष्टिचीत केले. 136 धावांत 16 बळी! पदार्पणाच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या बॉब मॅसीने 1972 साली 137 धावांत 16 बळी घेतले होते. हिरवाणींनी एका धावेने तो विक्रम मागे टाकला, आणि अद्याप तो कोणी मोडलेला नाही.

पहिल्या चार कसोटींत 36 बळी झाले. त्यानंतरच्या तेरा कसोटींत मिळून 30. 1996 साली शेवटची कसोटी झाली, आणि सतरा सामन्यांत 66 बळींवर हा हिशेब मिटला. पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि हळहळतात. आम्हांस मात्र पुढची ओळ अधिक महत्त्वाची वाटते. हिरवाणी मध्य प्रदेशाकडून रणजी सामने खेळतच राहिले. दोन दशकांहून अधिक काळ, लहानमोठ्या गावांच्या मैदानांवर, रिकाम्या बाकांपुढे. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी 732 बळी घेतले. 1990 साली लंडनच्या ओव्हल मैदानावर एका टोकाने सलग 59 षटके टाकणारे हेच हिरवाणी. सोळा बळींचे कौतुक सर्वांनी केले. त्या एकोणसाठ षटकांचे कौतुक ज्यास करता येईल, त्यास खेळ कळला असे आम्ही म्हणू.

मुश्ताक अलींच्या वाट्यासही निराळ्या तऱ्हेची प्रतीक्षा आली होती. 1936 च्या ऑगस्टनंतर हिंदुस्थानच्या संघाला 1946 च्या जूनपर्यंत एकही कसोटी खेळता आली नाही. मध्ये महायुद्ध होते. म्हणजे एकविसाव्या वर्षापासून एकतिसाव्या वर्षापर्यंतचा ऐन उमेदीचा काळ कसोटीवाचून गेला. परंतु इंदुरात होळकर संघ होता, यशवंतराव होळकरांचा आश्रय होता आणि नायडूंचे नेतृत्व होते. 1944-45 च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके काढली, 109 आणि 139. त्याच सामन्यात महूच्या छावणीत नेमणुकीस असलेला डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद 249 धावा करून गेला. हा कॉम्प्टनही इंग्लंडात आर्सेनल संघाचा फुटबॉलपटू होता. तो सामना होळकर संघ हरला. परंतु पुढच्याच वर्षी करंडक इंदुरास आला. एकंदर दहा अंतिम सामने आणि चार विजेतेपदे ही त्या संघाची कमाई.

त्या संघात मराठी मुलेही होती. चंदू सरवटे त्यांतलेच. 1946 साली ओव्हलवर सरेविरुद्ध अखेरच्या जोडीने, म्हणजे सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी, 249 धावांची भागी केली आणि दोघांनीही शतके काढली. दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी असा पराक्रम करावा हे अपूर्वच. हेच सरवटे बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणूनही ओळखले गेले. “खेळून पोट भरेल काय?” या प्रश्नास त्यांनी आयुष्याने उत्तर दिले आहे, आणि ते असे की एक हात खेळात असावा आणि एक विद्येत. दोन्ही हातांनी फळी धरली तरच ती डोक्यावर तोलून नेता येते.

तेव्हा पालकांस आमची विनंती एवढीच आहे. मुलाच्या अंगी गुण दिसला तर त्याला काही वर्षे द्यावीत. परंतु ती वर्षे मोकाट सोडून नव्हे, तर जाणत्याच्या देखरेखीखाली. पहिल्या अपयशाने त्याचे नाव काढू नये आणि पहिल्या यशाने त्याची मिरवणूकही काढू नये. नायडूंनी मुश्ताकला शाळेसह नेले होते, हे विसरू नये.

विद्यार्थ्यांस दोन शब्द सांगावयाचे. तुमच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही करंडकास दिली जाणार नाहीत. मुश्ताक अली 18 जून 2005 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, याच शहरात वारले. त्यांच्या नावाची स्पर्धा आज देशभर खेळली जाते. असे भाग्य लाखांत एखाद्याचे. परंतु आपली जागा हुडकणे, जागा चुकली तर न लाजता बदलणे, सोबत्याला धावचीत न करणे आणि बाके रिकामी असतानाही एकोणसाठावे षटक पहिल्याइतकेच मन लावून टाकणे, या चार गोष्टींसाठी भाग्य लागत नाही. संध्याकाळी नेहरू स्टेडियमच्या बाजूने जाताना सायकलीला पिशवी अडकवून परतणारी धुळीने माखलेली मुले दिसतात. त्यांतला कोण काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही. ती सारी उमेदवार आहेत, आणि घरी गेल्यावर त्यांना अजून उद्याचा अभ्यास करावयाचा आहे.